तंबाखू कामगारांची आरोग्य तपासणी



निपाणीचे नाव घेताच तंबाखूच्या वखारी डोळ्यांसमोर उभ्या राहतात. वखारीत तंबाखू कुटणे-चाळणे आणि घरोघरी विड्या वळणे, या कामांचा फार मोठा भार स्त्रियाच वाहतात. वळलेल्या विड्यांची मोजदाद चोख होते. वळणारीच्या प्रकृतीची विचारपूस मात्र ती अंथरुणाला खिळल्यावरच होते.

इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याला त्याचा धंदा अवश्य विचारावा, हा त्यांचा उपदेश येथे तंतोतंत लागू पडतो. तंबाखूची धूळ श्वासावाटे छातीत जाते; त्यातील निकोटिन त्वचेतूनही अंगात भिनते. मळमळ, चक्कर, खोकला ही लक्षणे ‘कामाचेच आहे’ म्हणून अंगावर काढली जातात. त्याच खोकल्यामागे क्षयही दडलेला असू शकतो.

म्हणून नियमित तपासणी हवी. रक्तदाब, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन, श्वासाची क्षमता, तोंडाची पाहणी आणि दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकीची परीक्षा, एवढ्यानेही पुष्कळ आजार वेळीच कळतात. तीस वर्षांवरील स्त्रियांनी स्तनांची व गर्भाशयमुखाची तपासणीही करून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रांतून या राष्ट्रीय कार्यक्रमाची सोय आहे.

विडी कामगार कल्याण निधीचा कायदा १९७६ साली झाला. त्यासाठीचा उपकर २०१७ मध्ये बंद झाला. कामगारांची गरज मात्र संपलेली नाही. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत, ठरवून दिलेल्या कामगारांची वार्षिक तपासणी मालकाने विनामूल्य करावी, अशी तरतूद आहे.

परंतु तरतूद कामगारापर्यंत पोहोचली पाहिजे. हजार विड्यांच्या दराने मजुरी मिळवणारी भगिनी दवाखान्यात दिवस घालवते, तेव्हा तिची त्या दिवसाची कमाई बुडते. शिवाय आजार उघड झाला तर काम जाईल, ही धास्ती असतेच. यास्तव तपासणी वखारीत आणि वस्तीत व्हावी, तिच्यापायी मजुरी कापली जाऊ नये, निष्कर्ष कामगाराच्याच हाती द्यावा आणि त्यावरून कोणाचे काम काढून घेऊ नये. दोष आढळल्यास पुढील उपचाराची जबाबदारीही निश्चित असावी. अन्यथा तपासणी केवळ कागदावर राहील.

शिक्षकांनी पालकसभेत हा विषय काढावा, ग्रामपंचायतींनी शिबिरासाठी जागा द्यावी आणि अधिकाऱ्यांनी घरी विड्या वळणाऱ्या भगिनींचीही नावे यादीत घ्यावीत, ही नम्र विनंती.