देवाचा पुरावा आणि माणसाची साक्ष

(दिंद्रुड येथे मंदिर जीर्णोद्धारानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंदिराचा जीर्णोद्धार झाला की गावात दोन प्रकारची बोलणी ऐकू येतात. एक जण हात जोडून म्हणतो, "देवानेच करवून घेतले." दुसरा पारावर बसून विचारतो, "देव आहे याला पुरावा काय?" पहिल्याला दुसऱ्याचा राग येतो, दुसऱ्याला पहिल्याचे हसू येते. आजच्या मंगल प्रसंगी हा प्रश्न काढणे काहींना अप्रशस्त वाटेल. पण जो प्रश्न पारावर विचारला जातो, त्याचा विचार सभामंडपातही व्हायला हरकत नसावी.

हा प्रश्न कॉलेजात शिकलेल्या पोरांनी नव्याने काढला, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाही. आपल्या देशात हा वाद फार जुना आहे. चार्वाकांनी डोळ्यांना दिसेल तेवढेच प्रमाण मानले. सांख्यसूत्रांत तर ईश्वर प्रमाणांनी सिद्ध होत नाही असे स्पष्ट म्हटले आहे, आणि तरीही सांख्य हे आस्तिक दर्शन गणले जाते. कारण त्या काळी वेद मानतो तो आस्तिक, अशी व्याख्या होती. उलट उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली' हा ग्रंथ मुळी ईश्वराच्या सिद्धीसाठीच लिहिला. घडा आहे तर कुंभार असलाच पाहिजे, तसे जग आहे तर त्याचा कर्ता असला पाहिजे, हा त्यांच्या पक्षाचा एक मुख्य युक्तिवाद. त्यावर प्रतिपक्ष विचारी, "मग कुंभाराला कोणी घडविले?" शेकडो वर्षे मोठमोठ्या पंडितांनी हा वाद केला. एकही पक्ष कायमचा हरला नाही.

आपल्या महाराष्ट्रात अलीकडच्या काळात हा वाद व्यासपीठावर आणला तो दोन डॉक्टरांनी, आणि दोघेही मूळचे साताऱ्याचे. एक डॉ. श्रीराम लागू, कान-नाक-घशाचे सर्जन आणि 'नटसम्राट'मधले थोर नट. दुसरे डॉ. नरेंद्र दाभोलकर, कबड्डीचे खेळाडू आणि 1989 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे संस्थापक. 'विवेकजागराचा वाद-संवाद' या नावाने त्यांनी गावोगाव कार्यक्रम केले. डॉ. लागूंचे म्हणणे सरळ होते. देव ही माणसाची कल्पना आहे, तिला कसलाही पुरावा नाही, तेव्हा परमेश्वराला आता रिटायर करावे. डॉ. दाभोलकर स्वतः देव मानीत नसत. पण समितीच्या वतीने ते म्हणत की, देवाधर्माबाबत समिती तटस्थ आहे. राज्यघटनेच्या 25व्या कलमाने प्रत्येकाला उपासनेचे स्वातंत्र्य दिले आहे. समितीचा विरोध आहे तो देवाच्या नावाने होणाऱ्या लुबाडणुकीला. म्हणजे एकाच व्यासपीठावर दोन नास्तिक एकमेकांशी वाद घालीत, आणि समोर बसलेले आस्तिक श्रोते ते ऐकून घेत. ही आपल्या महाराष्ट्राची चांगली रीत होती.

डॉ. दाभोलकर पुढे 'साधना' साप्ताहिकाचे संपादक झाले. हे साप्ताहिक 15 ऑगस्ट 1948 रोजी सुरू केले साने गुरुजींनी. गुरुजी तर पक्के देवभक्त. 1947 सालच्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राण पणाला लावून उपोषण केले आणि दार उघडले. देवासाठी उपाशी राहिलेल्या माणसाचे साप्ताहिक देव न मानणाऱ्या माणसाने पंधराएक वर्षे चालविले. दोघांना जोडणारी गोष्ट होती माणसाबद्दलची कळकळ.

आता पुराव्याकडे वळू. 21 सप्टेंबर 1995 चा दिवस येथील वयस्क मंडळींना आठवत असेल. गणपती दूध पितो, अशी वार्ता एका दिवसात देशभर आणि परदेशातही पोहोचली. लोकांनी वाट्या-चमचे घेऊन रांगा लावल्या. सोंडेजवळ चमचा धरला की दूध खरोखर कमी होई. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला, तेव्हा तेच दूध मूर्तीच्या अंगावरून पातळ ओघळाने खाली उतरताना दिसले. चमचा कललेला असला की द्रवाच्या पृष्ठताणामुळे दूध दगडाकडे ओढले जाते. ज्यांनी भक्तीने दूध नेले ते खोटे नव्हते. त्यांनी काढलेला अर्थ चुकीचा होता. आणि ज्या श्रद्धेला टिकण्यासाठी असा चमचाभर पुरावा लागतो, ती श्रद्धा दुसऱ्या दिवशी दूध उतू गेल्यासारखी उतू जाते.

दुधाच्या गोष्टीत नुकसान झाले ते दुधाचेच. सगळीकडे तेवढ्यावर भागत नाही. सर्पदंशाचे उदाहरण घ्या. रात्री शेतात पाणी देताना साप चावतो, आणि माणसाला दवाखान्याऐवजी देवळात आणून निजवतात. सकाळी तो उठून बसला की देवाची प्रचिती आली असे गाव म्हणते. याची तपासणी केली तर काय दिसते? आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार मुख्य विषारी साप, आणि तेही प्रत्येक वेळी चावताना विष सोडतातच असे नाही. म्हणजे पुष्कळ माणसे कोणत्याही उपायावाचून वाचणारच असतात. त्यांची गोष्ट दहा गावे सांगतात. पण मण्यार चावलेला, पहाट होण्यापूर्वी ज्याचा श्वास थांबला, त्याची गोष्ट "त्याचे भोग" एवढ्या दोन शब्दांत संपते. वाचलेल्यांची साक्ष नोंदवायची आणि गेलेल्यांची नोंदवायचीच नाही, असा पंचनामा कोणत्याही कचेरीत मान्य होणार नाही. मण्यारीचा दंश तर कित्येकदा दुखतही नाही, सुजतही नाही, त्यामुळे घरची माणसे निर्धास्त राहतात. त्यावर औषध एकच, सर्पविषप्रतिबंधक इंजेक्शन, आणि ते मिळते सरकारी रुग्णालयात. तिकडे जाताना ज्याला वाटेल त्याने खुशाल देवाचे नाव घ्यावे. पण वाट देवळाची धरू नये.

2013 सालच्या जादूटोणाविरोधी कायद्यात हीच गोष्ट आली आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. हा कायदा धर्मावर घाला आहे, असे पुष्कळ दिवस सांगितले गेले. वस्तुतः पूजा, यात्रा, वारी, भजन, कीर्तन, प्रवचन यांना त्या कायद्याची बाधा नाही, असे त्यातच लिहिलेले आहे. या कायद्यासाठी डॉ. दाभोलकरांनी कित्येक वर्षे खटपट केली. तो झालेला त्यांना पाहता आला नाही. 20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी पुण्यात महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर गोळ्या घालून त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. खटल्याचा निकाल लागायला 2024 साल उजाडले आणि दोघा आरोपींना जन्मठेप झाली. ज्या पुलाला एका थोर धर्मसुधारकाचे नाव आहे, त्याच पुलावर हे घडले. देव आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर बंदुकीने देता येत नाही. जो देतो, त्याने वाद जिंकलेला नसतो, आणि त्याने देवाची सेवाही केलेली नसते.

मग भाविकाने कोणता पुरावा द्यावा? आपल्या संतांनी तो देऊन ठेवला आहे. ज्या पैठणचे पाणी उजव्या कालव्याने माजलगावच्या धरणात येते, त्या पैठणचे एकनाथ महाराज. रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतली, अशी कथा आहे. गाढवाला पाणी पाजल्याने देव तर्काने सिद्ध होत नाही. पण एकनाथांचा देवावर विश्वास होता, हे मात्र निर्विवाद सिद्ध होते. गाडगेबाबांनीही हेच केले. कीर्तनात ते लोकांनाच प्रश्न विचारीत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून काढीत. हातात खराटा. लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. अशा माणसापुढे आस्तिक आणि नास्तिक दोघेही नमतात.

देवाचा सातबारा कोणत्याही तलाठ्याकडे मिळत नाही. तो मागणाऱ्यावर रागावू नये, आणि तो नाही म्हणून हात जोडणाऱ्याला मूर्खही म्हणू नये. पण मंदिराचा हिशेब मात्र कागदावर मिळाला पाहिजे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा 1950 सालचा आहे. देव आहे की नाही, हे धर्मादाय कार्यालय विचारीत नाही. जमाखर्च मात्र दरसाल विचारते. ऊसतोडीहून परत आलेल्या घराने उचल फेडून उरलेल्यातून शंभर रुपये दिले असतील, तर त्या शंभराचा हिशेब हीच देवापुढची खरी आरती.

ज्याने श्रद्धेने वर्गणी दिली त्याचे आभार. ज्याने विश्वास नाही म्हणून दिली नाही, तोही याच गावचा आहे. त्याच्या घरी लग्न निघाले, मयत झाली, तर गावाने नेहमीसारखेच जावे. सभामंडपाची सावली त्यालाही आहे. पारावर तो पुन्हा पुराव्याचे विचारील. विचारू द्या. आणि एखाद्या रात्री कोणाला साप चावलाच, तर देव मानणाऱ्याने आणि न मानणाऱ्याने मिळून गाडी काढावी आणि तडक रुग्णालय गाठावे. जीर्ण झालेल्या देवळाचा उद्धार झाला, आता जीर्ण समजुतींचाही व्हावा, एवढीच या शुभप्रसंगी सर्वांच्या चरणी प्रार्थना.