किरायाचे घर, सामान मात्र आपले

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



अमरावती काय आणि अकोला काय, ही दोन्ही किरायाने राहणाऱ्यांची गावे आहेत. अकोल्याला १९६९ मध्ये कृषी विद्यापीठ झाले, अमरावतीला १९८३ मध्ये विद्यापीठ आले. त्यांच्याभोवती महाविद्यालये वाढली, शिकवणी वर्ग वाढले. दर्यापूर, अचलपूर, मूर्तिजापूर, मेळघाटातून मुले-मुली शिकायला आली. बदलीवर येणारे शिक्षक, बँकेचे कर्मचारी, महसूल खात्यातली मंडळी यांची भर वेगळीच. जून महिना लागला की राजापेठेपासून कठोरा नाक्यापर्यंत आणि जठारपेठेपासून कौलखेडपर्यंत 'खोली किरायाने देणे आहे' अशा पाट्या दिसू लागतात, आणि छोट्या मालवाहू गाड्यांवर गाद्या, कूलर, अलमाऱ्या लादलेली बिऱ्हाडे एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाताना दिसतात.

या बिऱ्हाडांपैकी कुणाला विचारले, 'सामानाचा विमा काढला का?' तर बहुधा हसून उत्तर मिळते, 'घर आपले थोडेच आहे? विमा काढायचा तो मालकाने.' आजचे बोलणे याच उत्तराबद्दल आहे. कारण ते अर्धेच बरोबर आहे.

घर मालकाचे, हे खरे. भिंती, छत, फरशी, दारे-खिडक्या यांचा विमा मालकाने काढायचा. पण मालकाने तो काढला असला तरी त्यात तुमचा फ्रिज येत नाही, तुमची गादी येत नाही, मुलीची पुस्तके आणि लॅपटॉप येत नाही. आग लागली तर कंपनी मालकाला भिंतींचे पैसे देईल. काळ्या पडलेल्या त्या भिंतींच्या आत तुमचे जे जळाले त्याची जबाबदारी कुणावरच नाही. उलट आग तुमच्या निष्काळजीपणामुळे लागली असे ठरले, तर मालकाला दिलेली भरपाई तुमच्याकडून वसूल करण्याचा हक्क विमा कंपनीला असतो. म्हणजे सामानही गेले आणि वरून दावाही आला.

'आमच्याकडे आहेच काय?' हा दुसरा नेहमीचा प्रश्न. आज संध्याकाळी कागद-पेन्सिल घ्या आणि खोलीनिहाय यादी करा. फ्रिज, कूलर, धुलाई यंत्र, टीव्ही, दिवाण, अलमारी, शेगडी, मिक्सर, भांडी, कपडे, अंथरूण-पांघरूण, शिलाई मशीन, मोबाइल, लॅपटॉप. प्रत्येक वस्तू आज नवी घ्यायची तर काय पडेल तो आकडा पुढे लिहा. दोन खोल्यांच्या साध्या संसाराची बेरीजही सहज काही लाखांवर जाते. दहा वर्षांत थोडे थोडे करून घेतलेले असते म्हणून ते जाणवत नाही. एका रात्रीत सगळे पुन्हा घ्यायची वेळ आली की जाणवते.

आणि तशी वेळ येऊ शकते. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, खोलीखोलीत कूलर रात्रंदिवस फिरतो, आणि जुन्या घरांतली वायरिंग मात्र दोन दिवे आणि एक पंखा एवढ्याच हिशेबाने टाकलेली असते. पावसाळ्याची गोष्ट वेगळी नाही. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने आपल्या शेजारच्या मोवाड गावात दोनशेहून अधिक माणसे गेली. जुलै २०२१ मध्ये अकोल्यात मोर्णेला पूर आला आणि काठच्या वस्त्यांत घरांमध्ये पाणी शिरले. अशा वेळी पंचनामा होतो, सरकारी मदत मिळते. पण ती कपड्यालत्त्यासाठी आणि भांड्याकुंड्यासाठी तातडीचा हात म्हणून असते. त्यातून फ्रिज परत येत नाही.

आता विम्याकडे वळू. पूर्वी कंपनी तशी पॉलिसी, आणि प्रत्येकीची भाषा निराळी. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' या नावाची घराची प्रमाणित पॉलिसी आणली. कंपनी कोणतीही असो, मूळ शर्ती सारख्याच. तीत दोन भाग आहेत, घराची इमारत आणि घरातले सामान. किरायादाराने फक्त सामानाचा भाग घ्यायचा. तो तसा स्वतंत्रपणे मिळतो. एजंट 'इमारतीशिवाय होत नाही' म्हणाला, तर त्याला ही गोष्ट नम्रपणे सांगा.

यात काय येते? आग, स्फोट, वीज कोसळणे, भूकंप, वादळ, पूर, पाणी साचणे, जमीन खचणे, बाहेरच्या वस्तूची धडक, दंगल, दहशतवादी कृत्य, पाण्याची टाकी किंवा नळ फुटून झालेले नुकसान. कूलरच्या वायरमुळे लागलेली आग पसरून गादी आणि अलमारी जळाली तर ते नुकसान यात बसते.

काय येत नाही, हे त्याहून महत्त्वाचे. विद्युत दाब वाढला आणि कूलरची मोटार किंवा टीव्ही स्वतःच जळाला, तर त्या एका यंत्राचे पैसे मिळत नाहीत. वाळवी लागली, उंदरांनी कपडे कुरतडले, भिंतीला वर्षानुवर्षे ओल आली, हे विम्याचे विषय नाहीत. रोख रक्कम येत नाही. वाहन येत नाही, त्याचा विमा वेगळा. आणि विद्यार्थ्यांनी नीट ऐकावे, कागदपत्रे येत नाहीत. गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रे पाण्यात गेली तर कोणतीही कंपनी त्यांची किंमत देणार नाही. त्यांच्या प्रती डिजिलॉकरमध्ये ठेवा, मूळ कागद प्लास्टिकच्या बंद पिशवीत, वरच्या फळीवर ठेवा.

चोरीबाबत अनेकांची फसगत होते. मूळ पॉलिसीत चोरी आहे, पण ती एवढीच, की पूर किंवा आगीसारखी घटना घडल्यावर सात दिवसांच्या आत झालेली. दिवाळीत कुलूप लावून गावी गेलो आणि घर फोडले, हे त्यात बसत नाही. त्यासाठी घरफोडीचे संरक्षण वेगळे मागून घ्यावे लागते. ते घेताना तीन गोष्टी विचारा. कुलूप किंवा खिडकी तोडल्याची खूण लागते का? घर सलग किती दिवस बंद राहिले तर संरक्षण थांबते? आणि घरकामाला येणाऱ्या व्यक्तीने चोरी केली तर काय? तिन्ही उत्तरे पॉलिसीच्या कागदावर दाखवायला सांगा, तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

दागिन्यांचे संरक्षणही आपोआप नसते, ते निवडून घ्यावे लागते. लॉकर असेल तर दागिने तिथेच बरे. पण १ जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यासाठी बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच असते. हेही लक्षात असू द्या.

विम्याची रक्कम किती ठेवावी? हप्ता वाचावा म्हणून ती कमी सांगण्याचा मोह होतो. घरफोडीच्या पॉलिसीत तो महागात पडू शकतो. समजा, सामान चार लाखांचे आहे आणि विमा दोन लाखांचाच काढला. चोरी एक लाखाची झाली. कंपनी म्हणते, तुम्ही निम्म्याचाच विमा काढला, निम्मेच घ्या. हाती येतात पन्नास हजार. गृह रक्षा पॉलिसीच्या मूळ संरक्षणात अशी काटछाट होत नाही, ही तिची जमेची बाजू. पण तिथेही लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त मिळत नाही. म्हणून मघाची यादी कामाला येते. हप्त्याचे म्हणाल तर काही लाखांच्या सामानाला आग-पुराच्या मूळ संरक्षणाचा वर्षाचा हप्ता साधारणपणे शेकड्यांत असतो, वर कर. घरफोडी आणि दागिने जोडले की तो वाढतो. दोन-तीन कंपन्यांकडे विचारून पहा.

एका खोलीत तिघे मित्र राहत असतील, तर एकाच्या पॉलिसीत दुसऱ्याचे सामान आपोआप येते असे समजू नका. घरातच खानावळ किंवा शिकवणी चालत असेल, तर अर्जातच सांगा. लपवलेली गोष्ट क्लेमच्या वेळी बाहेर येते. आणि विमा पत्त्याशी बांधलेला असतो. राजापेठेतले बिऱ्हाड साईनगरात हलवले, तर कंपनीला कळवून पत्ता बदलून घ्या. नाहीतर हप्ता जुन्या घराचा आणि सामान नव्या घरात.

गॅस सिलिंडरची गोष्टही पत्त्याचीच आहे. तेल कंपन्यांनी ग्राहकांसाठी अपघात विमा काढलेला असतो. त्याचा वेगळा हप्ता आपल्याला भरावा लागत नाही. मृत्यू झाल्यास माणशी ६ लाख रुपये, उपचारांसाठी माणशी २ लाखांपर्यंत, आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी एका घटनेत २ लाखांपर्यंत. पण मालमत्तेची ही भरपाई नोंदलेल्या पत्त्यावरच्या घरासाठी आहे. कनेक्शन गावाकडच्या काकांच्या नावाने आणि सिलिंडर अमरावतीच्या खोलीत, असे असेल तर अडचण येते. घर बदलले की गॅस एजन्सीत पत्ता बदला.

किराया करार लेखी आणि नोंदणीकृत करून घ्या. आपल्या विदर्भात पूर्वी १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाडचा घरभाडे आदेश चालत असे. ३१ मार्च २००० पासून राज्यभर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी या कायद्याने घरमालकावर टाकली आहे. क्लेमच्या वेळी 'तुम्ही इथे राहत होता कशावरून?' या प्रश्नाला करार हे सरळ उत्तर असते. करार करतानाच मालकाला वायरिंग तपासून द्यायला सांगा. विम्यापेक्षा ते स्वस्त आहे.

समजा, नुकसान झालेच. आधी माणसे सुखरूप बाहेर काढा. मग कंपनीला लगेच कळवा. चोरी असेल तर पोलिसांत तक्रार, आग असेल तर अग्निशमन दलाचा अहवाल घ्या. सर्वेक्षक येईपर्यंत भिजलेले, जळालेले सामान फेकू नका, फेकणे भागच असेल तर आधी फोटो काढा. बिले ठेवलेली असावीत. सगळ्यांची बिले कुणाकडेच नसतात, म्हणून दरवर्षी एकदा घरभर मोबाइल फिरवून चित्रण करा आणि ते गावी भावाला किंवा बहिणीला पाठवून ठेवा. घरासोबत मोबाइलही गेला तरी पुरावा राहील.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. कंपनीच्या तक्रार कक्षाकडे अर्ज करा. महिनाभरात समाधान झाले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. प्राधिकरणाचा १५५२५५ हा निःशुल्क दूरध्वनी आहे. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे.

श्रोतेहो, ज्याचे स्वतःचे घर आहे त्याचे सामान गेले तरी डोक्यावरचे छत, निदान जागा तरी राहते. किरायादाराला सामान गेल्यावर नवी खोली शोधायची असते, तिची अनामत भरायची असते आणि रिकाम्या खोलीत चूल मांडायची असते. म्हणून विम्याची गरज मालकापेक्षा त्याला तसूभरही कमी नाही. आज फक्त यादी करा. बेरीज पाहिली की पुढचे काय करायचे ते तुमचे तुम्हीच ठरवाल.