पत कोणाच्या वहीत?



नवी यंत्रे आणि समाजमाध्यमे यांनी धंद्याचे व कामकाजाचे रूप कसे पालटले आहे, यावर चार शब्द बोलावेत अशी व्याख्यानमालेच्या चालकांची आज्ञा झाली. विषय एवढा ऐसपैस आहे की त्याचे एक टोक धरावे, तर दुसरे टोक आजच्या सभेच्या वेळात हाती लागावयाचे नाही. म्हणून आम्ही एकच धागा धरतो. तो म्हणजे पत. माणसाची बाजारातली पत कशी बनते, ती कोण लिहून ठेवतो, आणि माणूस एक दार सोडून दुसऱ्या दारी गेला तर ती त्याच्याबरोबर जाते की मागेच राहते, एवढेच आज पाहू.

प्रथम जुना बाजार. हुंड्यांचे प्रकार पुष्कळ होते. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे द्यावयाचे, मुदती हुंडीचे मुदत भरल्यावर. त्यांतच एक शाहजोग हुंडी असे आणि तिची रीत मोठी मौजेची होती. तिचे पैसे बाजारात ज्याला शहा, म्हणजे पतवान व्यापारी मानतात, अशालाच द्यावयाचे. आता शहा कोण, हे कोठे छापलेले नसे. बाजाराला ते ठाऊक असे. १८८१ साली इंग्रज सरकारने परक्राम्य संलेखांचा कायदा केला, तेव्हा देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक चालीरीतींना त्यानेही धक्का लावला नाही. पत बाजाराच्या तोंडी होती. मात्र या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. बाजार ज्याला ओळखत नाही, तो कितीही सचोटीचा असला तरी त्याला दार बंद असे. आणि ओळख म्हणजे बहुधा जात, गोत आणि गाव. हातगाडीवर भाजी विकणाऱ्या बाईला कोणत्या पेढीने पायरी चढू दिली असती?

पुढे आपल्या काळात मोबाइल आला. त्याने बाजारात काय घडविले हे पाहण्यासाठी केरळच्या किनाऱ्याकडे वळावे लागते, कारण तेथे ते कोणी तरी नीट मोजून ठेवले आहे. १९९७ ते २००१ या काळात तेथे टप्प्याटप्प्याने मोबाइल सेवा सुरू झाली. त्यापूर्वी तारली मासळी घेऊन येणारी होडी आपल्या नेहमीच्या किनाऱ्याला लागे. त्या दिवशी तेथे मासळी उदंड झाली असली तर गिऱ्हाईक मिळत नसे आणि मासे फेकून द्यावे लागत. थोड्याच अंतरावरच्या दुसऱ्या बाजारात मात्र टंचाई असावयाची. फोन हाती आल्यावर तांडेल समुद्रातूनच चार बाजारांचा भाव विचारू लागला. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले की नासाडी जवळजवळ थांबली, कोळ्यांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तांडेल कोणाला फोन करतो, कोणत्या भावाने विकतो, याच्याशी फोन कंपनीला कर्तव्य नव्हते. ती आपले भाडे घेई आणि बाजूला होई.

समाजमाध्यमांची गोष्ट याहून निराळी आहे. व्हॉट्सॲप २००९ साली निघाले, २०१४ मध्ये फेसबुकने ते विकत घेण्याचा सौदा केला, आणि जानेवारी २०१८ मध्ये धंदा करणाऱ्यांसाठी त्याची वेगळी आवृत्ती आली. आपल्या गावात त्याचा उपयोग कसा होतो हे आम्ही सांगावयास नको. भाजणीच्या चकल्यांचा फोटो सकाळी ग्रुपवर टाकावा, दुपारपर्यंत वीस घरांची मागणी यावी, पैसे परस्पर खात्यात जमा व्हावेत. गाळ्याचे भाडे नाही, पाटी नाही. ज्या गृहिणीला दुकान थाटण्याचे भांडवल कधीच जमले नसते, तिने आज दिवाळीत चार बायका हाताखाली लावलेल्या असतात. हा लाभ लहान नव्हे. पण ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ही तिन्ही सुमारे सहा तास जगभर बंद पडली, तेव्हा दुकान आपले असले तरी त्याचे कुलूप दुसऱ्याच्या हाती आहे, हे लहान धंदेवाल्यांना एकदम दिसले. नव्या मागण्या, गिऱ्हाइकांशी बोलणे, सारे त्या बंद दाराआड.

पैशाच्या बाबतीत आपल्या देशाने निराळी वाट धरली आणि ती चांगली धरली, असे आमचे मत आहे. २०१६ साली सुरू झालेली यूपीआय ही व्यवस्था कोणा एका दुकानदार कंपनीची नाही. ती रिझर्व्ह बँक आणि बँकांच्या संघटनेच्या पुढाकाराने उभी राहिलेली राष्ट्रीय देयक महामंडळाची सडक आहे. कोणत्याही बँकेचा माणूस कोणत्याही ॲपमधून कोणत्याही दुकानाच्या क्यूआर कोडवर पैसे पाठवितो. ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यातले व्यवहार १००० कोटींच्या वर गेले. याच सुमाराची दुसरी गोष्ट. जून २०२० मध्ये फेरीवाल्यांसाठी स्वनिधी योजना निघाली. तेव्हा पहिले कर्ज १०,००० रुपयांचे होते, ते वेळेवर फेडले की पुढचे मोठे. आणि क्यूआर कोडवर व्यवहार करणाराला काही रक्कम परतही मिळे. ज्या भाजीवालीला पेढीने पायरी चढू दिली नसती, तिच्या फेडीची नोंद आता बँकेच्या दप्तरी पडते. उद्या ती दुसऱ्या बँकेत गेली, तरी ती नोंद तेथे वाचता येते.

आता दुचाकीवरून घरोघर जेवण आणि किराणा पोचविणाऱ्या पोराकडे पाहा. नीती आयोगाच्या जून २०२२ च्या अहवालाप्रमाणे २०२०-२१ मध्ये अशा ॲपवरच्या व तत्सम कामांत देशातली ७७ लाख माणसे होती. २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज त्यात आहे. त्याचा मुकादम म्हणजे एक हिशेब करणारे यंत्र. कोणती ऑर्डर कोणाला, कोणत्या दराने, हे ते ठरविते. आणि त्या ठरविण्यात आपण दिलेले तारे धरले जातात. मुंबईत १८९० पासून डबे पोचविणारे मावळ, खेड, जुन्नरकडचे गडी त्याच शहरात असेच पायपीट करीत आले. परंतु डबेवाल्याला गिऱ्हाईक नावाने ओळखे, आणि कोणी तक्रार केली तर त्याच्या टोळीचा मुकादम ती समोर बसून ऐके. या पोराची आयडी मात्र एका सकाळी बंद होते. का, हे विचारावे तर पलीकडून ठराविक वाक्याचे उत्तर येते. आणि त्याने कंटाळून दुसऱ्या कंपनीची वाट धरली, तर तीन वर्षे उन्हापावसात मिळविलेले तारे पहिल्या कंपनीच्याच वहीत राहतात. तेथे तो पुन्हा पहिल्या दिवसाचा उमेदवार. (पावसाने उशीर झाला म्हणून तारा कापणारे सज्जन याही सभागृहात असतील, असा आम्हांला संशय आहे.)

आमचे म्हणणे एवढेच की हे तारे म्हणजे त्या पोराची कमाई आहे. २० जानेवारी २०११ पासून आपण मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलू शकतो. आज त्यात कोणाला नवल वाटत नाही. मग कामाची पत तेवढी कंपनीला चिकटलेली का असावी? प्रत्येक कंपनीची मोजण्याची रीत निराळी, असा आक्षेप येतो. तो खरा आहे. पण किती महिने, किती फेऱ्या, किती तक्रारी, एवढा सरळ दाखला देण्यास कोणती रीत आड येते? नोकरी सोडणाऱ्या कारकुनालाही अनुभवाचा दाखला मिळतो.

कायदा हळूहळू जागा होत आहे. राजस्थानने २०२३ मध्ये या कामगारांसाठी कायदा केला. कर्नाटकच्या २०२५ च्या कायद्याने काम बंद करण्यापूर्वी लेखी कारण आणि १४ दिवसांची सूचना मागितली आहे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशाप्रमाणे खाते बंद करण्याचा निर्णय यंत्राने नव्हे, माणसाने घ्यावयाचा आहे. केंद्राची २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून कंपन्यांनी उलाढालीचे १ ते २ टक्के या कामगारांच्या निधीत भरावयाचे आहेत. हे सारे हवेच होते. निधीने आजारपणात हात मिळेल; पत मात्र अजून वहीतच आहे.

महाराष्ट्राला वही आपल्या हाती घेण्याची सवय आहे. १९५० साली प्रवरानगरला ऊस उत्पादकांनी आपला कारखाना उभा केला, तेव्हा उसाच्या वजनाचा काटाही त्यांच्याच मालकीचा झाला. २०२५ मध्ये सहकार टॅक्सी या बहुराज्य सहकारी संस्थेची नोंदणी झाली. भारत टॅक्सी हे तिच्या सेवेचे नाव, आणि चालक हे तिचे सभासद. आपल्याकडेही कोणी जेवण पोचविणाऱ्यांची अशी संस्था काढील, तर १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचे ३२ वे कलम त्यांनी अवश्य वाचावे. सभासदाला संस्थेची ठरावीक दप्तरे पाहण्याचा हक्क त्यात आहे. ताऱ्यांच्या हिशेबाचे दप्तर सभासदाला पाहावयास मिळावे असे वाटत असेल, तर तशी एक ओळ उपविधीत घालून घ्यावी लागेल. आणि उपविधी दुरुस्त करण्याचा ठराव सर्वसाधारण सभेतच मांडावयाचा असतो.