गलगंड : नांव एक, रोग अनेक

मावळांतील एखाद्या सुनेचा गळा किंचित् भरलेला दिसूं लागला, तर त्याची पहिली चाहूल पुष्कळदां दागिन्यालाच लागते. रोजची पोत घट्ट होते; घरचीं माणसें म्हणतात, अंग सुटलें असेल. मग कोणी लेप सांगतें, कोणी दृष्ट काढतें, आणि भाताची लावणी उरकली म्हणजे पाहूं असें म्हणतां म्हणतां दोनतीन पावसाळे निघून जातात. सूज दुखत नाहीं, कामास आडवी येत नाहीं. तिची उपेक्षा व्हावी यांत नवल तें काय?

या सुजेस आपल्याकडे फार प्राचीन नांव आहे. सुश्रुतानें निदानस्थानांत गळ्याशीं लोंबणाऱ्या या गलगंडाचें वर्णन करून त्याचे वातज, कफज व मेदोज असे प्रकार सांगितले. ज्याचा श्वास कष्टानें चालतो, ज्याचा स्वर फुटला आहे, ज्याच्या रोगास वर्ष उलटून गेलें आहे, असा रोगी असाध्य समजावा, असेंहि त्यानें बजावलें. आजचा डॉक्टरहि आरंभीं याच गोष्टी विचारतो : श्वास कोंडतो काय? आवाज घोगरा झाला काय? सूज किती दिवसांची, आणि अलीकडे झपाट्यानें वाढली काय? मात्र उत्तर होकारार्थी आलें तर तो रोग्यास सोडून देत नाहीं. उलट घाई करतो.

गलगंड आणि गंडमाळा यांची गल्लत खेड्यांत फार होते. गंडमाळा म्हणजे मानेच्या बाजूस उठणाऱ्या रसग्रंथींच्या गांठी, आणि त्यांचें एक मोठें कारण क्षय. गलगंड ही थायरॉइड ग्रंथीची सूज. ही ग्रंथि घांटीच्या खालीं, श्वासनलिकेस पुढून बिलगून, फुलपांखरासारखी पसरलेली असते. आरशापुढें उभें राहून मान किंचित् मागें करावी व पाण्याचा एक घोट घ्यावा. गिळतांना सूज वर सरकली, तर ती बहुधा थायरॉइडची. यास एक पैसाहि लागत नाहीं. परंतु यानें सुजेची जागा तेवढी कळते, रोग कळत नाहीं.

येथेंच खरी अडचण आहे. ग्रंथि केवढी झाली यावरून ती काम किती करते तें सांगतां येत नाहीं. मोठी ग्रंथि आळशी असूं शकते. तेव्हां बाईस थंडी सोसत नाहीं, केंस गळतात, शौचास साफ होत नाहीं, मासिक पाळी बिघडते, दिवसभर ग्लानि असते. तितकीच मोठी ग्रंथि अति उद्योगीहि असूं शकते. मग छाती धडधडते, हात कांपतात, खाऊनहि अंग वाळतें. आणि पुष्कळ गलगंडांत काम अगदीं यथास्थित चाललेलें असतें. हा निवाडा रक्ताच्या तपासणीनें होतो. मेंदूच्या तळाशीं असलेली पियूषिका ग्रंथि टी.एस.एच. नांवाचा रस सोडून थायरॉइडला कामास लावते. चाकर ऐकेनासा झाला म्हणजे मालकीण आवाज चढविते, तसा थायरॉइड मंदावली कीं टी.एस.एच. वाढतो, ती बेफाम झाली कीं तो उतरतो.

काम कळलें तरी कारण उरतेंच. पूर्वीं आयोडीनची उणीव हें एकच उत्तर पुष्कळांस पुरेसें वाटे. १८११ मध्यें कूर्त्वा यानें समुद्रशैवालाच्या राखेंतून आयोडीन काढलें आणि १८२० मध्यें जिनीव्हाच्या क्वांदे यानें तें गलगंडावर दिलें. भारतांत १९५६ पासून कांगडा खोऱ्यांत डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मिठांतून आयोडीन देऊन त्याचा गुण सिद्ध केला, आणि १९६२ मध्यें राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. हा केवळ हिमालयाचा रोग, ही समजूतहि पुढील पाहण्यांनीं खोटी ठरविली. लोणावळ्यासारखा धुवांधार पाऊस जमिनींतील आयोडीन धुऊन नेतो. आणि पेण-उरणकडचें खडेमीठ समुद्राचें म्हणून त्यांत आयोडीन असेल, हाहि भ्रमच होय, कारण तें त्यांत नगण्य असतें. तेव्हां घरांत आयोडीनयुक्त मीठ असावें, हें खरें. परंतु तें खाणाऱ्या घरांतहि गलगंड होतो. शरीराचे रक्षकच थायरॉइडवर उलटतात, असा एक विकार जपानच्या हाशिमोटो यानें १९१२ मध्यें वर्णिला. आज स्त्रियांच्या गलगंडाचें तें एक प्रमुख कारण आहे. त्याची खूण रक्तांतील प्रतिपिंडांत सांपडते. अशा बाईस नुसतें मीठ बदलून बरें वाटेल हें संभवत नाहीं.

सूज सर्वत्र सारखी नसून एखादी गांठ लागत असेल, तर सोनोग्राफी करावी, आणि गांठीचें रूप संशयास्पद दिसल्यास बारीक सुईनें तिच्यांतील पेशी काढून पाहाव्या. सुई म्हटलें कीं माणसें कचरतात. सुई टोंचली कीं कर्करोग पसरतो, अशी एक वावडी आहे. तिला आधार नाहीं. बहुतेक गांठी निरुपद्रवीच निघतात, आणि हें कळल्यानें कित्येक अनावश्यक शस्त्रक्रिया टळतात.

आंदर मावळ, नाणे मावळ वा पवन मावळ यांतून माणूस रस्त्यावर आला, कीं लोणावळा, मळवली, कामशेत, कान्हे, वडगांव अशी लोकल त्यास तळेगांवास पोंचविते. तेथें १९९५ पासून वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. पुढें पुण्यास ससून आहे. किरणोत्सर्गी आयोडीननें ग्रंथीचें चित्र घेण्याची गरज थोड्यांनाच पडते, विशेषतः टी.एस.एच. उतरलेला असेल तेव्हां. मुंबईस परळ येथें भाभा अणुसंशोधन केंद्राचें विकिरण चिकित्सा केंद्र १९६३ पासून या कामांत आहे. ही तपासणी गर्भवतीस करीत नाहींत, म्हणून दिवस गेल्याची नुसती शंका असली तरी ती आधीं सांगावी.

गर्भवतीचा प्रश्न मात्र लावणी उरकेपर्यंत थांबत नाहीं. पहिल्या तीन महिन्यांत पोटांतील बाळाची थायरॉइड स्वतः फारसें काम करीत नाहीं. त्याच्या मेंदूची घडण आईच्या रसावर चालते. गळा भरलेल्या सुनेची पाळी चुकली, तर टी.एस.एच.ची तपासणी त्याच आठवड्यांत करून घ्यावी. ग्रंथि मंद निघाली तर रोज सकाळीं अनशापोटीं एक लहानशी गोळी घ्यावी लागते, आणि सुमारें चार आठवड्यांनीं रक्त पुनः तपासून तिचें प्रमाण ठरवितात.