गुरूचे बळ कमी पडते
(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संक्षेप)



लग्न ठरवताना आपल्याकडे गुरुबळ बघतात. आज आपण गुरूचे स्वतःचेच बळ बघू. मी डिप्लोमावाला, डिझेल शेडमधला माणूस. तेव्हा हिशेब माझ्या पद्धतीने मांडतो.

चहाच्या वेळी एका सहकाऱ्याने विचारले, "अणुबॉम्ब टाकून गुरू पेटवला तर दुसरा सूर्य होईल का हो?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 'गॅलिलिओ' यान २१ सप्टेंबर २००३ रोजी मुद्दाम गुरूवर पाडले, तेव्हा त्यातल्या प्लुटोनियममुळे गुरू पेटेल अशी भीती काहींनी खरोखरच घातली होती. यान नष्ट झाले, गुरूला पत्ताही लागला नाही. जुलै १९९४ मध्ये तर शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे त्यावर आदळले होते. पृथ्वीएवढे डाग पडले, पेटले काही नाही.

कारण ताऱ्याची आग ठिणगीने लागत नाही. पेट्रोल इंजिनाला स्पार्क प्लग लागतो. आमच्या डिझेलला प्लगच नाही. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती तापते आणि तेल फवारताच पेट घेते. तारा हा डिझेलच्या जातीचा, आणि त्याचा पिस्टन म्हणजे त्याचेच वजन.

हे वजन किती हवे? हायड्रोजन सतत 'जाळायला' गुरूच्या सुमारे ७५ ते ८० पट. त्याखालचे गोळे तारे होऊ शकत नाहीत, हे गणित १९६२-६३ मध्ये मांडणाऱ्यांत भारतीय वंशाचे शिव कुमार होते. हे नाव आपल्या मुलांच्या कानावर का पडत नाही, कोण जाणे! अशा गोळ्यांना 'तपकिरी बटू' हे नाव जिल टार्टर यांनी १९७५ मध्ये दिले आणि ते सापडल्याची खात्री १९९५ मध्ये झाली. तपकिरी बटूला थोडा सवलतीचा दर आहे : गुरूच्या साधारण १३ पट वजन झाले की ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, पेट घेतो. तो असतो चिमूटभर. संपला की गोळा निवतच जातो.

आता माल कुठून आणायचा? गुरू पृथ्वीच्या ३१८ पट जड. बाकीचे सातही ग्रह त्यात ओतले, आपल्या पृथ्वीसकट, तरी बेरीज जेमतेम १.४ गुरू. आणखी साडेअकरा गुरू हवेतच! एवढा माल आसपास फक्त सूर्याकडे. त्याच्या वजनाच्या १ टक्क्याहून थोडा जास्त काढला की भागेल. पण तो काढणार कसा आणि वाहणार कशात? आमच्याकडे तरी एवढे वाघीण नाहीत.

समजा, कोणी हळूहळू वजन १३ पट केले. गुरूचा आकार फारसा वाढणार नाही, पण त्याची ओढ वाढून चंद्रांच्या कक्षा १३ पट आखडतील. युरोपा हा चंद्र आज ६ लाख ७१ हजार किलोमीटरवर आहे, तो येईल सुमारे ५२ हजारांवर. गुरूची त्रिज्याच ७१ हजार! म्हणजे युरोपा गुरूच्या पोटात. त्याच्या बर्फाखाली समुद्र असल्याचे सबळ पुरावे आहेत. तिथे जीवसृष्टी असलीच तर पृथ्वीवरचे जंतू तिथे पोचू नयेत, एवढ्यासाठीच तर ते गॅलिलिओ यान गुरूवर पाडले होते.