निकाल झाकून वाचा



विमान-प्रशिक्षकांच्या या संमेलनात अध्यक्षपदाचा मान दिलात. नागपूरकरांनी राहण्या-जेवणाची व्यवस्था चोख ठेवली. हवा तेवढी त्यांच्या हातात नव्हती. वर्षभराच्या कामाचा आढावा अध्यक्षाने घ्यायचा असा प्रघात आहे. सचिवांचा अहवाल छापून तुमच्या पिशवीत आहे, तो सवडीने वाचा. या खुर्चीत कधी बसलोच तर एक गोष्ट बोलायची, हे मी फार पूर्वी ठरवून ठेवलं होतं, आणि पुन्हा कोणी बसवेल असं वाटत नाही.

काल दुपारी टेक-ऑफनंतर लगेच इंजिन बंद पडलं तर काय करावं, यावर खडाजंगी झाली. किती उंचीवरून धावपट्टीकडे परत वळता येतं? कोणी पाचशे फूट म्हणालं, कोणी आठशे, कोणी हजार. ही आकडेमोड माझ्याही परिचयाची आहे. अर्ध्या वर्तुळात भागत नाही. त्याच धावपट्टीच्या रेषेत यायला बरंच जास्त वळावं लागतं. विमान 45 अंश कलंडलं की स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल तुटण्याचा, वेग सुमारे 19 टक्क्यांनी वाढतो, 60 अंशांना 41 टक्क्यांनी. समोरचा वारा आता पाठीमागून ढकलतो, जमीन भराभर सरकताना दिसते, वेग भरपूर आहे असा भास होतो आणि योक नकळत मागे ओढला जातो. एवढं सगळ्यांना पाठ आहे. तरी वाद मिटत नाही, कारण परत वळून सुखरूप उतरलेला एक तरी माणूस प्रत्येकाच्या ओळखीचा असतो.

माझ्याही आहे. एका धावपट्टीवर, तिचं नाव सांगत नाही, एकाच हंगामात दोन मुलांचं इंजिन टेक-ऑफनंतर गेलं. पहिल्याने निघण्यापूर्वीच ठरवलं होतं की अमुक उंची गाठेपर्यंत मागे बघायचं नाही. त्याने नाक खाली घेतलं, समोरचं सोयाबीन काढून मोकळं झालेलं शेत धरलं आणि उतरला. नोजव्हील मोडलं, प्रॉपेलर वाकला. मुलाला खरचटलंही नाही. दुसरा त्याच्याहून कमी उंचीवरून परत वळला. पंखाचं टोक विंडसॉकच्या खांबाला लागतं की काय, असं खालून वाटलं. पण टेकला. विमानाला ओरखडा नाही.

पहिल्याला केबिनमध्ये उभं करून दुरुस्तीचं बिल वाचून दाखवलं गेलं आणि त्याचं उड्डाण कितीतरी दिवस बंद ठेवलं. दुसऱ्यासाठी पेढे आले. तिथे हजर असलेल्या विद्यार्थ्यांनी त्या हंगामात काय शिकून घेतलं, हे कळायला परिसंवादाची गरज नाही.

माझी तक्रार हीच आहे. आपण निर्णयाला गुण देत नाही, निकालाला देतो. आणि अपघाताच्या बाबतीतही तेच करतो. आपल्याकडे 2012 पासून विमान अपघात अन्वेषण विभाग आहे. पुन्हा असा अपघात होऊ नये एवढाच तपासाचा हेतू, दोष कोणाचा हे ठरवणं नव्हे, असं त्याच्या अहवालात सुरुवातीलाच छापलेलं असतं. आपण ते पान उलटतो, थेट शेवट गाठतो, 'संभाव्य कारण' वाचतो, 'फाजील आत्मविश्वास नडला' म्हणतो आणि चहा मागवतो. संजय गांधींचं पिट्स विमान 23 जून 1980 रोजी दिल्लीत सफदरजंगजवळ कसरती करताना कोसळलं. क्लबांतल्या गप्पांत त्याबद्दल आजही घातपाताच्या कहाण्या निघतात. कसरतीची खालची मर्यादा जमिनीवर असताना कोणी आखावी आणि ती कोणी पाळून घ्यावी, हा प्रश्न मी त्या गप्पांत कधी ऐकलेला नाही.

मी वर्गात काय करतो ते सांगतो. एक उड्डाण कागदावर देतो, नाव-गाव काढून. वैमानिकाचे सुमारे 310 तास. इन्स्ट्रुमेंट रेटिंग नाही, त्याचा अभ्यासक्रम अर्ध्यावर आलेला. विमान त्याच्या आधीच्या विमानापेक्षा वेगवान. प्रशिक्षक शेजारी नसताना ते चालवल्याचे जेमतेम तीन तास. बरोबर दोघी प्रवासी. निघायला उशीर होऊन अंधार पडत आलेला. हवा धूसर, पण दृश्यता नियमात बसणारी. एक प्रशिक्षक सोबत यायला तयार होता, त्याला 'एकट्यानेच करायचंय' म्हणून सांगितलं. किनाऱ्याच्या दिव्यांवरून जायची वाट होती. याने पाण्यावरून सरळ रेषा धरली. विमानात ऑटोपायलट होता.

अर्ध्या वर्गाच्या कागदावर शेवटची ओळ असते: सुखरूप उतरला. उरलेल्यांच्या कागदावर: समुद्रात पडला. मग मत विचारतो. पहिले म्हणतात, तास ठीक आहेत, दृश्यता नियमात आहे, ऑटोपायलट हाताशी आहे, सरळ वाटेने वेळ वाचतो. दुसरे म्हणतात, उघड उघड वेडेपणा. कागद तोच! हा खेळ मी अनेक तुकड्यांशी खेळलो, आणि दरवेळी असंच झालं. एकदा माझ्या बरोबरीचे प्रशिक्षकच वर्गात बसले होते. त्यांचंही वेगळं काही झालं नाही. फक्त नंतर रागावले जास्त.

ते उड्डाण जॉन केनेडी धाकटे यांचं. 16 जुलै 1999, मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ. अमेरिकी तपास मंडळाने कारण दिलं: काळोख्या रात्री पाण्यावरून खाली येत असताना दिशाभ्रम होऊन विमानावरचा ताबा सुटला. खरं आहे, पण त्यातून माझ्या विद्यार्थ्याने काय करायचं? 'दिशाभ्रम होऊ देऊ नको' असं सांगता येत नाही. उशीर झाल्यावर रात्र मुक्काम करायचा, की सोबत येतो म्हणणाऱ्याला घ्यायचं, की किनारा धरायचा, हे मात्र सांगता येतं, आणि ते सगळं अहवालाच्या मधल्या पानांत आहे.

इलिनॉय विद्यापीठाने 1954 मध्ये इन्स्ट्रुमेंटचं शिक्षण नसलेल्या 20 वैमानिकांना, बाहेरचं दिसणं बंद करून, ढगात शिरल्याची स्थिती दिली. विसाच्या विसांचा ताबा सुटला. कोणाचा 20 सेकंदांत, कोणाचा 480, सरासरी 178. हे आकडे आपल्या प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर आहेत आणि त्यांचा काडीचा उपयोग नाही. कारण पातळ ढगातून मिनिटभरात बाहेर निघालेला मुलगा खाली येऊन सांगतो, 'सर, विशेष काही नाही.' लॉगबुकात ते मिनिट अनुभव म्हणून जमा होतं. ढग लहान होता, हे त्याला कोण सांगणार?

म्हणून सकाळच्या सत्रात 'तास वाढवा' म्हणणाऱ्यांना विचारतो: व्यावसायिक परवान्याच्या 200 तासांतले निभावून गेलेल्या वाईट निर्णयांचे किती? तेवढे वजा करून सांगा. 

आता कामं. अपघात-अहवालांचा मराठी संच करायचा, शेवटची पानं वेगळ्या पाकिटात बंद करून. कोणते अहवाल, कोण मराठीत आणणार, पैसा कुठून, ते बसून ठरवू. दुसरं, प्रत्येक धावपट्टीवर एक वही: हवा बघून अर्ध्या वाटेतून परतलेल्या किंवा निघालेच नाहीत अशांची. नासा 1976 पासून वैमानिकांच्या गोपनीय नोंदी गोळा करते. आपल्याला तेवढा पसारा नको, रेघोट्या मारलेली वही चालेल. ती कोणी तपासायची, हेही ठरायचं आहे.

तिसरं काम मालकमंडळींचं. पुढच्या रांगेत तुम्ही चार-पाच जण बसलेले मला दिसताय. शेतात उतरून जिवंत आलेल्या मुलाला दुरुस्तीचं बिल दाखवायचं नाही आणि त्याचं उड्डाण शिक्षा म्हणून बंद करायचं नाही, एवढं लेखी हवं. मसुदा सचिवांकडे आहे. सह्या जेवणाआधी कराव्यात. जेवणानंतर तुम्ही सापडत नाही.