फूल गळतं, उतरंडही गळते



जपानात क्योटोला दायगो-जी हे ८७४ साली स्थापन झालेले बौद्ध मंदिर आहे. तिथे चैत्रात साकुरा, म्हणजे चेरी, फुलते. आठवडाभरात पाकळ्या गळतात. म्हणून लोक पोराबाळांसह वेळ काढून बघायला जातात.

१५९८ साली सत्ताधीश हिदेयोशीने तिथे सुमारे तेराशे जणांचा पुष्पसोहळा केला. स्वतः साध्या घरचा. पण १५९१ साली त्यानेच हुकूम काढला, शेतकऱ्याने शेत सोडून दुसरा धंदा धरू नये! सोहळ्यानंतर पाच महिन्यांत तो वारला. पुढे मेइजी काळात ती उतरंडही मोडली.

आम्ही गिरणीतली माणसं, आम्हाला यातून एवढंच कळतं: अनित्यता म्हणजे रडगाणं नव्हे. जे टिकत नाही, ते बदलता येतं. माणसानं रचलेली उतरंडसुद्धा!

जयभीम!